जुनी मोटार घ्यावी कीं न घ्यावी?

जुन्या वस्तूंच्या दोन जाती असतात. कांहीं वस्तू जुन्या झाल्या म्हणजे त्यांची किंमत उतरते, परंतु त्यांचें काम चालूच राहतें. घरांतील पाटा-वरवंटा, अडकित्ता, सागवानी पेटी ह्या त्या जातीच्या होत. दुसऱ्या जातीच्या वस्तूंचें उलट असतें. त्यांचें काम थांबतें आणि किंमत चढूं लागते. जपान देशांत तयार झालेली माझदा कंपनीची आर. एक्स.-७ नांवाची रोटरी इंजिनाची वेगवान मोटार ही या दुसऱ्या जातींत मोडते. असली बंद पडलेली मोटार विकत घेऊन ती पुन्हां रस्त्यावर आणण्याचा उद्योग करावा कीं न करावा, हा प्रश्न ज्याच्यापुढें उभा राहतो त्यानें तो केवळ हौशीवर सोडूं नये व केवळ हिशेबावरहि सोडूं नये, असें माझें मत आहे. तें कां, हें सांगण्याकरितां प्रस्तुत लेख लिहीत आहें.

हा प्रश्न माझ्याकडे आला तो एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्रांतून. हा विद्यार्थी आतां ऑस्ट्रेलियांत मेलबर्न शहरीं नोकरीस आहे. त्यानें लिहिलें होतें: “सर, शहराबाहेर एका गृहस्थाच्या पडवींत १९८३ सालची आर. एक्स.-७ तीन वर्षें बंद उभी आहे. किंमत माझ्या चार महिन्यांच्या पगाराइतकी सांगतात. घराच्या पहिल्या हप्त्याकरितां जे पैसे बाजूला ठेवले आहेत त्यांतून ती घेतां येईल. घ्यावी काय?” येथवर पत्र सामान्यच होतें. पुढें मात्र असें होतें: “आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे आहेत. सारें आयुष्य त्यांनीं एस. टी.च्या कारखान्यांत इंजिनें खोलण्यांत घालविलें. येथें त्यांच्या हाताला कांहीं काम नाहीं. दिवसभर खिडकीशीं बसतात. संध्याकाळीं मी आलों म्हणजे माझ्या मोटारीचा आवाज ऐकतात आणि म्हणतात, ‘ठीक आहे.’ ही गाडी आणली तर दोघे मिळून दुरुस्त करूं, असा विचार आहे.”

चार महिन्यांचा पगार राखून ठेव, असें कोणीहि सांगेल. परंतु खिडकीशीं बसलेल्या ६७ वर्षांच्या कुशल कारागिराचें मोल कोणत्या रकान्यांत मांडावें? मीं उत्तरास आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि प्रथम त्या इंजिनाचाच विचार करूं लागलों.

माझदा हें नांव आपल्याकडे ठाऊक आहे तें स्वराज माझदा या मालमोटारींमुळें व बसगाड्यांमुळें. त्या कंपनीची ही वेगवान मोटार आपल्या देशांत रीतसर विक्रीस आली नाहीं. म्हणून तिच्या इंजिनाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे.

नेहमींच्या मोटारींत पिस्टन वर-खालीं धांवतो. प्रत्येक टोकाला तो क्षणभर थांबतो, उलट फिरतो, आणि त्याची ती धांव दांड्याच्या साह्यानें गोल गतींत बदलावी लागते. गति मुळांतच गोल असेल तर ही सारी यातायात वांचेल. हा विचार सिद्धीस नेला फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) या जर्मन संशोधकानें. त्याच्यापाशीं विश्वविद्यालयाची पदवी नव्हती. १९२९ सालीं त्यानें या जातीच्या यंत्राचें पहिलें पेटंट मिळविलें, आणि एन्. एस्. यू. या जर्मन कंपनीच्या कारखान्यांत १ फेब्रुवारी १९५७ रोजीं त्याचें इंजिन प्रथम चाललें. पुढें त्याच कारखान्यांतील हान्स डीटर पाश्के या इंजिनियरानें त्याची रचना सोपी केली. आज आपण ज्याला रोटरी इंजिन म्हणतों तें या सोप्या रचनेचें होय.

कमरेशीं किंचित् चेपलेली एक लंबगोल पेटी डोळ्यांपुढें आणावी. तींत तीन कोपऱ्यांचा, फुगीर बाजूंचा एक रोटर बसविलेला असतो. त्याचे तीनही कोपरे पेटीच्या भिंतीला सदैव टेकलेले असतात, त्यामुळें भिंत व रोटर यांच्यामध्यें तीन पोकळ्या होतात. रोटर फिरूं लागला म्हणजे या पोकळ्या आळीपाळीनें मोठ्या व लहान होतात. एकींत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण ओढलें जात असतें, त्याच वेळीं दुसरींत तें दाबलें जाऊन पेटत असतें, आणि तिसरींतून जळका वायु बाहेर पडत असतो. रोटरचा एक फेरा होतो तोंवर मधला दांडा तीन फेरे घेतो. या इंजिनांत वॉल्व्ह नाहींत. आंत घेण्याचीं व बाहेर सोडण्याचीं छिद्रें रोटर स्वतःच उघडतो व झांकतो. पदार्थविज्ञानाच्या तासाला मी पुठ्ठ्याचा रोटर कापून त्याच्या तीन बाजूंना तीन रंग देतों. एकाच वेळीं तीन बाजूंना तीन निरनिराळीं कामें चाललेलीं पाहून वर्ग जो शांत होतो, तशी शांतता इतर दिवशीं छडी आपटूनहि मिळत नाहीं.

परंतु या सुंदर यंत्राचा जीव त्याच्या तीन कोपऱ्यांत आहे. प्रत्येक कोपऱ्यावर धातूची एक बारीक पट्टी बसविलेली असते. कारागीर तिला सील म्हणतात. १९८३ च्या आर. एक्स.-७ मध्यें ती सुमारें ७ सेंटिमीटर लांब व ३ मिलिमीटर जाड असते. एका पोकळींतील पेटलेला वायु शेजारच्या पोकळींत शिरूं न देणें हें तिचें काम, आणि तें तिनें आगीच्या धगींत, भिंतीवर अखंड घासत करावयाचें. एन्. एस्. यू. कंपनीनें १९६७ सालीं ‘रो ८०’ नांवाची मोठी मोटार काढली. १९६८ ची उत्कृष्ट मोटार म्हणून युरोपांत तिचा गौरव झाला. पण सीलें अकालीं झिजूं लागलीं, इंजिनें बदलून देण्याचा बोजा कंपनीवर पडला, आणि १९६९ सालीं ती कंपनी दुसऱ्या कंपनींत विलीन झाली.

जपानांतील हिरोशिमा येथील तोयो कोग्यो कंपनीनें (हिलाच १९८४ पासून माझदा हें नांव मिळालें) १९६१ सालीं या इंजिनाचे हक्क घेतले. केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखालीं ४७ इंजिनियर या एका कामास जुंपले गेले. परीक्षेसाठीं चालविलेलें प्रत्येक इंजिन उघडावें तों पेटीच्या आंतल्या भिंतीवर सीलांच्या थरथरीचे ओरखडे उठलेले दिसत. त्या लोकांनीं त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असें नांव ठेवलें होतें. अखेर कार्बन व ॲल्युमिनियम यांच्या मिश्र पट्टीनें तीं नखें बोथट केलीं, आणि १९६७ च्या मे महिन्यांत त्यांची पहिली दोन रोटरांची मोटार, कॉस्मो स्पोर्ट, विक्रीस आली. आर. एक्स.-७ आली ती १९७८ सालीं. २००२ पर्यंत तिच्या ८ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. १९९१ च्या जून महिन्यांत फ्रान्समधील ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतींत चार रोटरांच्या माझदानें ३६२ फेऱ्या करून पहिला क्रमांक मिळविला. जपानी मोटारीला तो मान प्रथमच मिळत होता. २०१२ सालीं कंपनीची अखेरची रोटरी स्पोर्ट्स मोटार बंद झाली. २०२३ पासून एक रोटर पुन्हां कामावर घेतला आहे, पण तो विजेच्या मोटारींत वीज उत्पन्न करण्यापुरता.

ज्या कामास एका मोठ्या कारखान्यांतील ४७ इंजिनियर लागले, त्या कामांत बापलेक मेलबर्नच्या एका पडवींत हात घालूं पाहात होते. ते मूर्ख होते काय? मला तसें वाटलें नाहीं. इंजिन शोधून काढणें निराळें व उघडून नीट बसविणें निराळें. परंतु धैर्य आहे म्हणून पैसा आहे असें होत नाहीं.

लूककृत शुभवर्तमानांत दोन दृष्टांत आहेत. एकांत बुरूज बांधूं इच्छिणारा माणूस आधीं खालीं बसून खर्चाचा हिशेब करतो. पाया घालून काम अर्धवट राहिलें तर पाहणारे हंसतील हें त्याला कळतें. दुसऱ्यांत एक अंजिराचें झाड तीन वर्षें फळ देत नाहीं. धनी तें तोडावयास सांगतो, तर माळी भोंवतीं खणून खत घालण्यास आणखी एक वर्ष मागून घेतो. जुनी मोटार घेऊं पाहणाऱ्याला पहिला दृष्टांत मागें ओढतो व दुसरा पुढें बोलावतो. आणि योगायोग असा कीं ही मोटारहि तीन वर्षेंच निष्फळ उभी होती. तथापि नीट पाहिलें तर या दोन दृष्टांतांत विरोध नाहीं. माळ्यानें मुदत ठरवून मागितली आहे. वर्षानंतरहि फळ आलें नाहीं तर झाड तोडावें हें त्याला मान्य आहे. त्याच्या दयेला हिशेबाची बैठक आहे. विद्यार्थ्याला मीं जें उत्तर लिहिलें तें याच धोरणानें.

“पहिली गोष्ट ही, कीं इंजिन मेलेलें आहे असें धरून हिशेब मांड. विकणारा ‘फक्त बॅटरी बदलली कीं चालूं होईल’ असें म्हणेल. तो खोटें बोलत असेल असें नाहीं; पण तीन वर्षें उभें राहिलेलें रोटरी इंजिन उघडल्यावांचून भरंवशाचें मानूं नये. मागितलेल्या किंमतींत इंजिन नव्यानें बांधण्याचा पुरा खर्च मिळव. ती बेरीज तुला झेपत असेल व तरीहि गाडी हवीशी वाटत असेल, तरच पुढें जा. इंजिन जिवंत निघालें तर तो लाभ समजावा, हक्क समजूं नये.

“दुसरी गोष्ट, इंजिनाच्या आधीं पत्रा पाहा. इंजिनाचे भाग जगांत कोठेंतरी मिळतात. पण गंजानें खाल्लेला सांगाडा पुन्हां उभा करणें सर्वांत खर्चाचें. पायांखालचें जाजम उचल, दारांखालची कड व मागच्या जादा चाकाचा खळगा हातानें चांचपून पाहा.

“तिसरी गोष्ट, बंद इंजिन एकदम स्टार्टरनें फिरवूं नकोस. सील खांचेंत चिकटलें असेल तर तें मोडेल आणि भिंत खरवडील. मालकाची परवानगी घेऊन प्लग काढ, आंत थोडें ऑईल सोड, आणि पुढच्या पुलीच्या बोल्टाला पाना लावून हातानें सावकाश फिरव. रोटर दोन आहेत. रोटरच्या एका पूर्ण फेऱ्यांत प्रत्येकाच्या छिद्रांतून तीन फुत्कार यावयास पाहिजेत, आणि ते सारख्या जोराचे पाहिजेत. नंतर दाब मोजावयाचा तो रोटरीकरितां केलेल्या खास मापकानें. साधें मापक तीन बाजूंपैकीं सर्वांत सबळ बाजूचा आकडा दाखवून थांबतें, आणि दुबळी बाजू झांकून ठेवतें.

“चौथी गोष्ट, पाणी पाहा. या इंजिनांत लोखंडी व ॲल्युमिनियमच्या पेट्या एकीला एक लावून लांब बोल्टांनीं आंवळलेल्या असतात, आणि मध्यें पाणी अडविण्यास रबरी कडीं असतात. इंजिन एकदां जरी अतिशय तापलें तरी हीं कडीं जातात. मागचा इतिहास विचार. तसेंच, थोडें ऑईल जाळणें हा या इंजिनाचा दोष नसून ती योजना आहे. सीलांना वंगण मिळावें म्हणून तें मुद्दाम आंत सोडलेलें असतें. जो मालक ऑईलची पातळी पाहात नसे, त्याची गाडी घेऊं नकोस. पेट्रोलहि हें इंजिन सढळ हातानें पितें, हें विसरूं नकोस.

“पांचवी गोष्ट सूनबाईला विचार. या कामास किती रविवार द्यावयाचे हें तिनें ठरवावें, आणि तें कागदावर लिहून ठेवावें. घराच्या हप्त्याच्या पैशाला हात लावूं नकोस. त्या पैशांत तिच्याहि कष्टाचा वांटा आहे. आणि बाबांना ‘तुमच्यासाठीं घेतों आहें’ असें सांगूं नकोस. ‘मला तुमची मदत हवी आहे’ असें सांग. तें खरेंहि आहे.”

पत्र गेल्यावर तिसऱ्या दिवशीं वडिलांचाच फोन आला. “सर, पोरगा म्हणतो यात पिस्टन नाही, वॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही. मग राहिलं काय? दुरुस्त काय करायचं?” मीं म्हटलें, “तें तुम्ही उघडून आम्हांला सांगावयाचें.” ते मोठ्यानें हंसले, आणि वर्गांत मी काढतों ती आकृति त्यांनीं मागून घेतली. दोन दिवसांनीं मुलानें छायाचित्र पाठविलें: स्वयंपाकघरांतील टेबलावर खोक्याच्या पुठ्ठ्याचा रोटर, त्याच्या मध्यभागीं पेन्सिल, आणि तीन बाजूंना तीन रंग.

पुढच्या शनिवारीं दोघे मोटार पाहावयास गेले. मुलगा त्या बसक्या आकाराकडे व उघडमीट होणाऱ्या दिव्यांकडे पाहात राहिला. वडिलांनीं मात्र आल्याबरोबर जाजम उचललें. मागच्या खळग्यांतील पत्रा अंगठ्यानें दाबतांच त्याचा चुरा झाला व खालची जमीन दिसली. तरीहि त्यांनीं प्लग काढून इंजिन हातानें फिरवून पाहिलें. पुढच्या रोटरनें तीन फुत्कार दिले, मागच्यानें दोनच. वडील पाना पुसून म्हणाले, “गाडी लाखाची आहे, पण आपली नाही.” मालक सज्जन होता. त्याला राग आला नाहीं. उलट, हातानें फुत्कार मोजणारें गिऱ्हाईक मीं पहिल्यानेंच पाहिलें, असें तो म्हणाला. त्याच्या पडवींत याच जातीचें आणखी एक इंजिन भिंत खरवडलेल्या स्थितींत पडलें होतें. तें त्यानें भंगाराच्या भावानें देऊं केलें, आणि बापलेक तें घेऊन घरीं आले.

अशा रीतीनें मोटारीचा बेत इंजिनापुरता उरला. घराच्या हप्त्याचे पैसे बँकेंत जसेच्या तसे आहेत. टेबलावर वर्तमानपत्रें अंथरून एकेक भाग क्रमानें मांडला आहे, आणि प्रत्येकाखालीं वडिलांच्या अक्षरांत मराठींत नांव लिहिलें आहे. पेटीच्या भिंतीवर त्यांना ते प्रसिद्ध ओरखडे पाहावयास मिळाले. ते आतांहि खिडकीशींच बसतात, कारण उजेड तेथें चांगला येतो. सूनबाईनें रविवार ठरवून दिले आहेत: महिन्यांतून दोन. वर्षाची मुदत ठरली आहे. तोंवर हें इंजिन बांधून फिरूं लागलें, तर गंज न लागलेल्या सांगाड्याचा शोध करावयाचा. नाहीं फिरलें, तर तें भंगारवाल्याला परत द्यावयाचें. मुलगा लिहितो कीं ही अट बाबांनींच घातली.

मूळ प्रश्नाचें माझें उत्तर आतां देतों. जुनी रोटरी मोटार हा उद्योग करण्याजोगा आहे, परंतु तो सर्वांना व सर्व काळीं नाहीं. ज्याला मेलेल्या इंजिनाचा खर्च आधीं सोसतो, ज्याच्या घरीं त्या कामाला संमति आहे, आणि जो थांबण्याची तारीख अगोदर ठरवितो, त्यानें तो अवश्य करावा. तसें नसेल त्यानें आपल्या ऐपतीचा भाग तेवढा घ्यावा. त्यांत कमीपणा नाहीं. आमच्या शाळेंतील मुलें उद्यां मोटारी घेतील, घरें बांधतील, धंदे काढतील. त्यांना माझें सांगणें इतकेंच, कीं हिशेब करतांना दुबळ्या बाजूचा आकडा आधीं लिहावा, आणि ज्या माणसाकरितां आपण तो खटाटोप करतों, त्याला पाना घेऊन आपल्या बरोबर न्यावें.